वर्तणूक : चांगली

शाळेच्या कचेरीत जनरल रजिस्टर नावाचं एक आडवं, जाडजूड बाड असतं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यात एक ओळ येते. नाव, जात, जन्मतारीख आधी अंकी मग अक्षरी, आधीची शाळा, आणि अगदी उजवीकडे प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. आमच्या शाळेत कारकून एकच, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की दाखल्यांची गर्दी आम्ही शिक्षिका वाटून घ्यायचो. त्यातल्या एका मुलाच्या ओळीत माझं अक्षर आहे. प्रगती बरी, वर्तणूक चांगली, कारण एस.एस.सी. उत्तीर्ण. १९९९ च्या उन्हाळ्यात तो कारगिलच्या लढाईत पडला. त्यासाठी रजिस्टरात रकाना नाही, आणि असूही नये. शाळेचा हिशेब शाळेपाशी संपतो. शिकवणाऱ्याचा मात्र संपत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

त्याचं नाव, गाव आणि पलटण मी इथे लिहीत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे. नाव जिथे लिहिलेलं असायला हवं तिथे ते आहे. द्रासला तोलोलिंगच्या पायथ्याशी जे स्मारक आहे, त्याच्या भिंतीवर आहे. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं, तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका सैनिकाचं नाव कोरलेलं आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावं होती. त्यातलं एक माझ्या हजेरीपटावरचं.

मी मनोरीची. माझे वडील होडीवर जायचे, आय मालाडच्या बाजारात म्हावरं विकायची. शिक्षण आणि नोकरी, दोन्हींसाठी मी आयुष्यभर मनोरी ते मार्वे तरीतून खाडी ओलांडत आले. पलीकडच्या काठावर आयएनएस हमला, नौदलाचा तळ. गणवेशातली माणसं आम्हा मनोरीकरांना नवी नाहीत, पण युद्ध म्हणजे काय ते आम्ही लहानपणी एकदाच जवळून पाहिलं. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत अंधार पाळायचा हुकूम होता. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि आमच्याकडे कंदिलाच्या काचेला कागद गुंडाळलेला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. वडील दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. समुद्रात माणूस जाणं म्हणजे काय ते कोळ्याला वेगळं सांगावं लागत नाही, आणि दीवचं पाणी त्यांच्या ओळखीचं होतं. त्या वयात मला आकडा कळला होता. त्या आकड्यात कुणाकुणाचे विद्यार्थी होते, हा विचार मनात यायला मला स्वतः शिक्षिका व्हावं लागलं.

तो मुलगा घाटावरचा. वडील कांदिवलीच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड मालवणीत, आणि सुट्टी लागली रे लागली की गाव. पाचवीत आला तेव्हा अंगापेक्षा दप्तर मोठं. अभ्यासात मधला. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं कायमचं वाकडं होतं. ‘शिवाजी’ बरोबर लिहायचा, ‘जिजाऊ’ चुकवायचा. गणितात पायऱ्या न लिहिता उत्तर काढायचा आणि त्यावरून मार खायचा. शाळेत सगळ्यांच्या आधी यायचा, कारण वडिलांची पहिली पाळी असायची आणि ते जाताना त्याला सोडून जायचे. शिपाई यायच्या आत त्याने माठ विसळून भरलेला असायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी त्याचं कौतुक केलं नाही, कारण माठ भरलेला असतो हे शाळेत सगळे गृहीत धरतात.

एकदा सातवीच्या मुलांची सहल मी माझ्याच गावाला आणली. मार्वेच्या तरीवर पाऊल ठेवताना त्याने माझा पदर धरला. डोंगरातला मुलगा, पाण्याखाली जमीन नाही ही कल्पनाच त्याला सहन होईना. पाच-दहा मिनिटांची ती खाडी, पण त्याने डोळे मिटून काढली. काठावर उतरल्यावर मात्र तो सगळ्यांत पुढे. वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवून जोडी बांबूवर टांगतात, ते माझी आय करत होती. तो तिच्यापाशी उकिडवा बसला आणि जोड्या लावायला लागला. हात सोलवटून निघाले, बोंबलाचे दात बारीक असतात. आयने त्याला हळद लावली आणि विचारलं, “कोनाचा रे तू?” त्याने वडिलांचं नाही, गावाचं नाव सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं आय त्याला त्या गावाच्या नावानेच ओळखायची.

मी इतिहास शिकवायची. महाराष्ट्रात चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक असतं, त्यामुळे पावनखिंड मुलांना पाठच असते. तरी आठवीत मी पुन्हा ती सांगायची. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, पावसाची रात्र, राजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि मग घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं, विशाळगडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत उभी राहिलेली. हा पाठ सांगताना वर्गात चिडीचूप असते. मीही रंगून सांगायची. पाठ संपला की मुलं बहुधा तलवारीबद्दल विचारतात, ती किती जड होती, दोन हातांत दोन कशा पेलायच्या. त्याने विचारलं, “बाई, बाकीच्यांची नावं काय होती?”

मी बाजीप्रभूंच्या भावाचं, फुलाजींचं सांगितलं. पण त्याला सगळ्यांची हवी होती. सगळ्यांची नावं आपल्याकडे नाहीत, असं मी म्हणाले. “त्यांची हजेरी नव्हती का घेत?” हा त्याचा पुढचा प्रश्न. वर्ग हसला. तो हसला नाही. गडावर पोचायचे ते पोचले, मग खिंडीत कोण कोण राहिलं हे कुणीतरी मोजलं असेल ना, असं त्याचं म्हणणं होतं. मोजलं असणारच. त्या माणसांच्या घरी निरोप गेले असणार, वतनं दिली गेली असणार. पण आठवीच्या पुस्तकापर्यंत ती नावं पोचली नाहीत. आमच्याकडचंच घ्या. मनोरी ज्या बेटाच्या दक्षिण टोकाला आहे त्याच्याच उत्तरेला धारावीचा किल्ला. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. तिथेही माणसं पडली. आमच्या बेटावर मेलेल्या त्या माणसांची नावं मला, इतिहासाच्या शिक्षिकेला, सांगता येत नाहीत.

दहावीनंतर त्यांनी बिऱ्हाड गावी हलवलं. तो भरतीला उभा राहिला, निवडला गेला, हे मला त्याच्या वर्गातल्या मुलांकडून कळलं. एकदा रजेवर आला तेव्हा शाळेत येऊन गेला. उंच झाला होता, केस बारीक कापलेले, बुटांना आरसा दिसेल असं पॉलिश. शिक्षकखोलीत बसायला सांगितलं तरी बसेना. माठ कुठे हलवला ते मात्र त्याने विचारलं.

१९९९ चा मे उजाडला तेव्हा कारगिल कुठे आहे हे आम्हाला नकाशात शोधावं लागलं. घरोघरी दूरदर्शन आणि नव्या वाहिन्या होत्या. आपल्या देशाचं युद्ध दिवाणखान्यात दिसण्याची ती पहिलीच वेळ. १३ जूनला तोलोलिंग परत घेतलं, त्याच दिवसांत इकडे शाळा उघडत होत्या, नव्या पुस्तकांना कव्हरं घालणं चालू होतं. ४ जुलैला टायगर हिल. २६ जुलैला ऑपरेशन विजय संपल्याचं जाहीर झालं. अधिकृत आकडा ५२७ मृत्यूंचा. त्या दिवसांत केव्हातरी त्याच्या एका वर्गमित्राचा शाळेच्या फोनवर फोन आला. मधली सुट्टी होती. फोन ठेवल्यावर मी वर्गावर गेले आणि हजेरी घेतली. हजेरी म्हणजे काय करत असतो आपण, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. एक नाव पुकारायचं, आणि तिकडून ‘हजर’ येईपर्यंत पुढच्या नावाकडे जायचं नाही.

कारगिलच्या आधीच्या युद्धांत पडलेल्या जवानांवर बहुधा तिकडेच अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची, मागाहून ट्रंक आणि कपडे. १९९९ मध्ये शवपेट्या गावोगाव पोचवायचं ठरलं आणि साऱ्या देशाने प्रथमच ते दृश्य पाहिलं. तिरंग्यातली पेटी, लष्कराची गाडी, गावाच्या वेशीवर तीन-चार तालुक्यांची गर्दी. हे बरं झालं असं माझं मत आहे. आईला मुलाचा चेहरा दिसला पाहिजे, निदान पेटीवर हात ठेवता आला पाहिजे. पण त्या गर्दीत एक गोष्ट घडते. मुलगा त्या दिवशी गावाचा होतो, तालुक्याचा होतो, भाषणांचा होतो, आणि घरात त्याच्या वाट्याला एक मोठा फोटो उरतो, ज्यात तो गणवेशात आहे आणि ओठ मिटलेले आहेत. त्या फोटोतला माणूस आईने जेमतेम तीन-चार रजांमध्ये पाहिलेला असतो.

मी गर्दीच्या वेळी गेले नाही. पावसाळा सरल्यावर त्याच्या दोन वर्गमित्रांना बरोबर घेऊन गेले. भुईमुगाचे दिवस होते, अंगणात शेंगा पसरलेल्या. वडील बोलले ते लष्कराच्या कागदांबद्दल, पेन्शनबद्दल, कोण मंत्री आले होते त्याबद्दल. बाप अशा वेळी कागदांना धरून राहतो, त्याला दुसरं काही धरायला नसतं. आई चुलीपाशी होती. चहा देऊन झाल्यावर ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “बाई, कसा गेला त्ये समद्यांनी सांगितलं. साळंत कसा हुता, त्ये तुमी सांगा.”

शौर्याचं बोलायची तयारी करून मी गेले होते. तिला ते नको होतं. ते तिने ऐकलं होतं, साहेबांकडून, सरपंचांकडून, वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेलं. तिला जे हवं होतं ते फक्त आमच्याकडे होतं. मूल सकाळी घरातून निघतं आणि संध्याकाळी परत येतं. मधले पाच-सहा तास आईला ठाऊक नसतात. जिवंत मुलाच्या बाबतीत त्याचं काही वाटत नाही, कारण उद्या परत तेवढेच तास येणार असतात. गेलेल्या मुलाच्या आयुष्यात नवं काही घडणार नाही. आईला अजून न कळलेलं असं त्याच्याबद्दल काही उरलं असेल, तर ते त्या पाच-सहा तासांतच.

मी माठाचं सांगितलं, खाडीचं सांगितलं, बोंबलाच्या दातांचं सांगितलं. मग मित्रांपैकी एकाने डब्याची गोष्ट काढली. वर्गात एक मुलगा डबा आणायचा नाही, बाप नव्हता, आई धुणीभांडी करायची. हा रोज आपल्या डब्यातल्या दोन भाकऱ्या त्याला द्यायचा, आणि कुणाला कळू नये म्हणून दोघं जिन्याखाली बसून खायचे. आई ऐकत होती. तिने मध्येच विचारलं, “कितवीत?” आठवीपासून, तो म्हणाला. आई नवऱ्याकडे वळली. “आठवीपास्नंच त्यो दोन भाकरी जास्ती मागाया लागला हुता. मी म्हनायची वाढीचं अंग हाय.” आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, पण हसलीच. त्या घरात इतक्या महिन्यांत कुणी हसलं नसावं. वडील उठून बाहेर गेले.

परतीच्या एसटीत माझ्या मनात आलं, की असं किती घरांतल्या किती आयांना मिळालं असेल.

मग मी अशा पडलेल्या सैनिकांबद्दल वाचायला लागले. इतिहासाच्या शिक्षिकेला दुसरा रस्ता ठाऊक नसतो. श्रीकृष्ण वेलिणकर हे नाव मला तेव्हा सापडलं. मुंबईत १८९४ मध्ये जन्मलेला मराठी मुलगा, केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा विद्यार्थी. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळणं दुरापास्त होतं. तरी तो विमान चालवायला शिकला आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरला. हार्दितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि वेलिणकर, हे त्या युद्धात लढाऊ विमानं उडवणारे चार हिंदी तरुण. वेलिणकर तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन विमानावर होता. २७ जून १९१८ ला तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला होता. ३० जूनला त्यांच्याच ताब्यात वारला. वय तेवीस. तीन आठवड्यांनी एकोणीस वर्षांचा इंद्रलाल रॉय गेला.

जर्मनांनी त्याला रीतसर पुरलं. पण कबरीवर नाव लिहिताना आडनावाचं काहीतरी ‘वुमकर’ झालं. वेलिणकर हे नाव त्यांनी कुठे ऐकलेलं असणार? युद्ध संपलं, बेपत्ता माणसांच्या याद्या झाल्या, आणि त्या याद्यांमध्ये वेलिणकर बेपत्ता, तर कबरीत कुणी एक वुमकर. पुढे काही वर्षांनी त्या मोडक्या नावामागे कोण आहे ते ओळखलं गेलं. आज उत्तर फ्रान्समधल्या हांगार्ड गावच्या युद्धदफनभूमीत त्याच्या दगडावर खरं नाव आहे. साम्राज्याचा शूर पुत्र अशा अर्थाचे शब्दही आहेत. ते साम्राज्य गेलं. नाव मात्र तिथे अजून कोरलेलं आहे.

मला त्या कबरीपेक्षा कॉलेजाचा विचार जास्त येतो. जीझस कॉलेजातल्या कुणा प्राध्यापकाने त्याला शिकवलं असेल, त्याचे निबंध तपासले असतील. युद्धाच्या त्या चार वर्षांत केंब्रिजच्या कॉलेजांमधून इतकी मुलं गेली की तिथल्या भिंती नावांनी भरून गेल्या. एकेका शिक्षकाने अशी किती नावं ओळखली असतील. मला एकाच नावाने इतकी वर्षं पुरली आहेत.

महायुद्धाच्या खुणा आपल्या गावांतही आहेत. साताऱ्याकडे, कोकणात, काही चावड्यांवर आणि देवळांपाशी संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, दोन आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि पुढच्या प्रत्येक युद्धात त्या गावाने माणसं दिली. म्हणून त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. अशा पाट्यांसमोर उभं राहिलं की मला आठवीतला तो प्रश्न ऐकू येतो. बाकीच्यांची नावं काय होती?

यशवंत घाडगे यांच्या बाबतीत हा प्रश्न फार टोचतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंबेगावचा हा तरुण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याशिवाय तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटा पुढे धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने एकाला टिपलं, गोळ्यांची नवी पेटी चढवायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच तो पडला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा आहे. देहाचा ठावठिकाणा मात्र नाही. कबर ठाऊक नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं इटलीत कसिनोच्या स्मारकावर आहेत, त्यांत त्याचं आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंटोने या छोट्या गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी एका कोकणी मुलाची आठवण काढावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण सन्मानपत्रात ‘तुकडीतले बाकी सगळे’ एवढ्यावर आलेली ती माणसंही मराठेच होती, त्यांनाही कुठल्यातरी वाडीतल्या मास्तरांनी पाढे म्हणायला लावले असतील.

उपनगरात राहणाऱ्यांच्या तोंडी अशी नावं रोज असतात. पार्ल्याला रुळांवरून जाताना आपण कॅप्टन विनायक गोरे पूल म्हणतो. जोगेश्वरीला कॅप्टन सुरेश सामंत मार्ग आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हे तरुण आपल्या बोलण्यात येतात आणि जातात. कॅप्टन गोरे १९९५ मध्ये काश्मीरमध्ये गेले. त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी नंतर सैनिकांच्या आयुष्यावर मराठीत पुस्तकं लिहिली, शाळाशाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलल्या. पुलाला नाव देणं हे महापालिकेचं काम, ते तिने केलं. त्या नावाच्या मागे माणूस उभा करायचं काम आईने अंगावर घेतलं. प्रत्येक आईला ते जमणार नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही कुणी करू नये.

मला पुष्कळांनी विचारलं आहे, आणि मी स्वतःला त्याहून जास्त वेळा विचारलं आहे, की पावनखिंडीच्या त्या पाठांनी त्याला तिकडे नेलं का. मला तसं वाटत नाही. त्याच्या गावात प्रत्येक आळीत फौजी होता, घरात जमीन थोडी होती, कारखाने बंद पडत होते, आणि पलटणीत पगार नेमाने मिळत होता. शिवाय त्याला ते आवडलं होतं, हे मी त्याच्या चालण्यात पाहिलं होतं. गरिबी आणि अभिमान या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. भाषणं करणाऱ्यांना एकच हवी असते, कुणाला ही, कुणाला ती. पण निवृत्तीपर्यंत मी पावनखिंड शिकवताना एक गोष्ट ठरवून केली. पाठ संपला की मुलांना सांगायची, आता वहीत बाजीप्रभूंबरोबरच्या एका माणसाबद्दल लिहा, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याचं घर कुठे असेल, त्याला काय खायला आवडत असेल, त्या पावसात त्याच्या पायात काय असेल. मुलं फार छान लिहायची. काहींची भित्री माणसं होती, काहींची चेष्टेखोर, एकाच्या माणसाला घरी म्हैस व्यायची होती.

शाळेत त्याचा फोटो लागला तेव्हाही माझा आग्रह हाच होता. दरवर्षी २६ जुलैला फोटोला हार घालून मुलांना ‘याच्यासारखे व्हा’ असं सांगितलं जायचं. तेरा वर्षांच्या मुलाला मरणाचा आदर्श घालून द्यावा, हे मला पटत नाही. त्यांना सांगायचं तर हे सांगावं, की तो तुमच्या वयाचा होता तेव्हा याच जिन्याखाली बसायचा, आणि त्याला ‘जिजाऊ’ लिहिता यायचं नाही. मुलांच्या डोळ्यांत फरक पडतो. फोटोतला माणूस त्यांना आपल्यातला वाटायला लागतो, आणि मग तो गेला याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं. देशाला याहून मोठा मान मुलांनी द्यावा अशी माझी अपेक्षा नाही.

त्याच्या वर्गातल्या मुलांनी पुढे एक वही केली. ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं. त्यावरून भांडणंही झाली. प्रयोगशाळेची काच त्याने फोडली की दुसऱ्या कुणी, यावर अजून एकमत नाही. मी दोन्ही बाजू लिहून ठेवायला लावल्या. काहींनी अर्धं पान लिहिलं, एकाने दोन ओळी, आणि एकीने तो आपल्याकडून भूगोलाची वही नेऊन परत न दिल्याची तक्रार लिहिली आहे. ती तक्रार आईला सगळ्यांत आवडली, असं त्याच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं. तिने घरातलं जुनं सामान उपसून ती भूगोलाची वही शोधली म्हणे.

पण त्या पहिल्या भेटीतच, आम्ही निघताना, तिने मला थांबवून विचारलं होतं, “त्यो दुसरा पोरगा कुठं असतो आता? भाकरी खानारा?” मला ठाऊक नव्हतं. शोधायला वेळ लागला. तो मालाडला रिक्षा चालवत होता. दोन मुलींचा बाप झाला होता, आणि मित्र गेल्याचं त्याला वर्तमानपत्रातून कळलं होतं. गावाला जायचं त्याला धैर्य झालं नव्हतं. आईने विचारलंय म्हटल्यावर मान खाली घालून बराच वेळ बसला. पुढच्या हंगामात तो गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात? म्हणाला, “फारसं काही नाही, बाई. शेंगा काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढू लागलो. पुढच्या वर्षी पोरींना घेऊन ये म्हणाल्या.”